सोमाचा चरण

वैशालीने टॅब रखमाकाकूंच्या मांडीवर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. रावजीबुवांचे कीर्तन सुरू झाले. पडवीत दाटीवाटीने बसलेली माणसे पुढे सरसावली.

"आता आमचा सोमा येईल बघा," काकूंच्या शेजारी बसलेले बुवा म्हणाले.

सोमा म्हणजे बुवांचा धाकटा भाऊ, काकूंचा नवरा. जन्मभर तो बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिला. बुवांनी चरण म्हणायचा, मान जराशी मागे वळवायची आणि सोमाने तोच चरण झेलायचा, किंचित उशिराने, लांबवून. श्रावणात तो गेला. घरात फोटो होता, आवाज नव्हता. पण महाडची वैशाली विद्यापीठात ऑनलाइन धडे तयार करायची. गेल्या वर्षी पोलादपूरजवळच्या या वाडीत येऊन तिने सप्ताहातले कीर्तन रेकॉर्ड करून नेले होते. तेवढ्या आशेवर काकूंनी दिवस काढले होते.

बुवांचा चरण संपला. लगेच पुढचा सुरू झाला.

काकूंनी वैशालीकडे पाहिले.

आपण काय कापले ते वैशालीला आत्ता कळले. धडा लहान हवा होता. प्रत्येक चरण दोनदा येतो, मुले कंटाळतील, म्हणून दुसऱ्यांदा आलेला प्रत्येक चरण तिने कापला होता. काम सफाईदार झाले म्हणून विभागात कौतुकही झाले होते. मग जागा अडते म्हणून मूळ रेकॉर्डिंगही तिनेच पुसले.

"पुढं असंल गो," बुवा म्हणाले.

"नाही बुवा. पुढेही नाही. मी कापलं. मूळचंही ठेवलं नाही."

"शिकून हेच केलंस गो?" मागून कोणीतरी बोलले. बुवांनी हातानेच त्याला गप्प केले. तो हात मग बराच वेळ तसाच वर राहिला.

टॅब चालूच होता. बुवांचा एकट्याचा आवाज, चरणावर चरण, श्वास घ्यायलाही उसंत नाही.

"थांबव," काकू म्हणाल्या.

वैशालीने थांबवले आणि ती टॅब उचलू लागली. काकूंनी तिचे मनगट धरून ठेवले. डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. दुसऱ्या हाताची बोटे तेवढी गुडघ्यावर पडू लागली, किंचित उशिराने, लांबवून.

"हां. आता लाव."

पुढचा चरण आला, संपला. काकूंनी सांगायच्या आत वैशालीने टॅबवर बोट टेकवून तो थांबवला.

पडवीत कोणी हलले नाही. बुवांनी तेवढी सवयीने मान मागे वळवली.