हात नव्हे, मी अडलो होतो

मी एक जुना शाईचा पेन आहे. रंगाने काळा, टोपणाची क्लिप सैल झालेला. मित्रांनो, बोलायला बसलो खरा, पण मान वर करवत नाही.

माझे मालक छापखान्यात मुद्रितं तपासत. लेखकांच्या चुका मी खुशाल खोडायचो आणि त्याचा तोराही मिरवायचो. पुढे बाबांना (सगळं घर त्यांना बाबा म्हणतं, म्हणून मीही) पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हात थांबू देऊ नका, आखडेल." बॉलपेन दाबावा लागतो, ते त्यांना जमेना. मी मात्र नुसता टेकलो तरी उमटतो. रोज सकाळी झटापट करून ते एक ओळ लिहीत. ओळ उमटली की स्वारी खूश!

त्यातच त्यांच्या लेकीला शाईच्या पेनांचं वेड लागलं. नवे पेन आले, शाईच्या बाटल्या आल्या. एका दुपारी तिने मलाही उचललं आणि चित्रांसाठीची पक्की हिरवी शाई भरली. रंग काय सुरेख होता! पण ती वाळली की लाखेसारखी घट्ट बसते, हे त्या नवशिकीला कुठलं ठाऊक? टोपण न लावताच तिने मला ठेवून दिलं.

सकाळी बाबांनी मला कागदाला टेकवलं. मी कोरडा ठणठणीत. त्यांनी जोर लावला, कपाळावर घाम आला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आपल्या बोटांकडेच पाहत राहिले.

"संपलं गं," ते म्हणाले. "हातात काही राहिलं नाही."

लेक चहा घेऊन दारात उभी होती. माझ्या निबेवरचा हिरवा थर तिला दिसला.

"जमेल उद्या," ती पुटपुटली. बस्स, एवढंच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, हात नाही, मी अडलोय! पण बोलणार कशाने?

बाबांनी लिहिणं सोडलं. चमचाही डाव्या हातात धरू लागले. इकडे लेकीने गुपचूप मला कोमट पाण्यात भिजत घातलं. पेन सुरू करायचा आणि कुणाला काही सांगायचं नाही, असा तिचा बेत. आठवड्याने मी लिहिता झालो. तिने मला बाबांपुढे धरलं.

"नको. पुन्हा तेच बघायचं नाही मला."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. "बाबा, हात ठीक होता तुमचा. पेन मी बिघडवला. भलतीच शाई घातली आणि तोंड शिवून बसले."

 बाबा गरजले, "गाढवे! आठवडाभर मी ह्या हाताला शिव्या घालतोय!" आणि तोच हात त्यांनी पुढे केला. "आण इकडे."

ओळ उमटली, पण फार वाकडी.

मित्रांनो, शाईचा पेन हौसेने घ्या. शाई विचारून भरा, टोपण आठवणीने लावा. एवढं करूनही बिघडलो, तर मला धुता येतं. पण तुमच्या चुकीपायी घरातलं कुणी स्वतःला दोष देत असेल, तर तिथल्या तिथे तोंड उघडा. लेकीने सांगितलं, पण आठवडा उलटल्यावर. त्या आठवड्यात आखडलेली बाबांची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.