हर्षलचं बक्षीसपत्र

जळगाव जामोदच्या हर्षलचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण जीव सगळा जुन्या मारुतीत. सातपुड्याच्या पायथ्याशी मातीच्या ट्रॅकवर शर्यती होत. तो दरवर्षी उतरायचा आणि शेवटून दुसरा यायचा. शेवटच्याची गाडी बहुधा बंद पडलेली असायची.

यंदा मात्र त्यानं ऐकलं, की कुठंतरी शर्यतीतली गाडी प्रेक्षकांत घुसली आणि चालवणाऱ्यावर भरपाईचा दावा लागला. तो थेट नीळकंठ वकिलांकडे गेला.

"माह्या गाडीचा विमा आहे ना?"

"तो रस्त्यावरचा. शर्यतीत चालत नाही," वकील म्हणाले. "कोणाले लागलं तर घरदार सगळं दाव्यात ओढलं जाईन."

"मंग सगळं अर्पिताच्या नावावर करून टाका."

आठवड्यात बायकोच्या नावानं बक्षीसपत्र झालं. घर, दुकान, दोन एकर संत्रा. आता आपल्याकडे फुटकी कवडी नाही, या आनंदात हर्षल गावभर छाती काढून हिंडला.

अर्पिता शाळेत गणित शिकवायची. शर्यतीला पंधरा दिवस असताना आयोजकांनी महिलांचा गट जाहीर केला आणि तिनं नाव दिलं.

"तू काऊन उतरून राह्यली?" हर्षलचा घास हातातच राहिला. "सगळं तुह्या नावावर आहे."

"म्हणूनच फॉर्म नीट वाचला," ती म्हणाली आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.

शर्यतीत तिसऱ्या वळणापर्यंत ती सगळ्यांच्या पुढं होती. चौथ्यावर मारुती घसरली, दोरखंड तोडून मंडपात शिरली आणि प्रमुख पाहुणे उत्तमराव हारासकट खुर्चीवरून उडाले. खांद्याचं हाड मोडलं.

हर्षल धावला, पण वकिलांकडे. ते मंडपामागं भजी खात होते.

"सगळं परत माह्या नावावर करा. आत्ताच."

"अपघातानंतर मालमत्ता फिरवली तर कोर्ट ते मोडीत काढते," वकील म्हणाले आणि हातातलं भजं संपवलं.

अर्पिता उत्तमरावांसोबत दवाखान्यात गेली. हाडापेक्षा त्यांना धोतर सुटलेल्या फोटोचंच दुःख जास्त होतं.

"काका, खर्चाची काळजी नका करू," ती म्हणाली. "प्रेक्षकांसाठी शर्यतीचा वेगळा विमा आहे. तो काढेपर्यंत मी फॉर्मवर सहीच केली नव्हती. आयोजक लय कुरकुरले."

कंपनीनं दोन महिन्यांनी उपचाराचा खर्च आणि भरपाई दिली. दावा कोर्टात गेलाच नाही.

मग हर्षल हळूच म्हणाला, "आता घर माह्या नावावर करतं का?"

"करतो ना. पण मंग गाडी मी चालवीन. तुम्ही मंडपात बसा."

हर्षलनं दोन दिवस विचार केला आणि स्टिअरिंग निवडलं. घर अजून अर्पिताच्याच नावावर आहे. परवाच्या शर्यतीत तो शेवटून तिसरा आला.