लावेनियाच्या मुलाखतीला गेलेली चटई

मित्रांनो, चटई म्हटलं की तुम्हाला अंथरायची चटई आठवेल. मी तसली नव्हे. मी जुनी आहे, माझ्या कडा विरल्या आहेत, पण आजवर माझ्यावर कुणी बसलेलं नाही. मी माणसाच्या कमरेला बांधायची चटई. आमच्या टोंगात मला ताओवाला म्हणतात. चारचौघांत मानाने जायचं तर कमरेला माझ्यासारखी एखादी असावीच लागते. नाहीतर कपडे कितीही ठाकठीक असोत, लोक म्हणतात, हा अर्धाच आवरून आलाय. आज मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. तिच्यातलं बरंचसं मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर चांगलंच आहे.

मला मेलेसेइनी आजीने विणलं. केवड्याच्या जातीची लांब पानं तिने कापली, उकळली, त्यांच्या जुड्या बांधून खाडीत दगडाखाली बुडवून ठेवल्या. खाऱ्या पाण्याने पानं पांढरी होतात. मग ती वाळवून, नखाने चिरून तिने बारीक पट्ट्या काढल्या. विणायला गल्लीतल्या बायका गोल करून बसत, आणि त्यांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालत. माझ्या विणीत कोणाकोणाच्या चुगल्या बसल्या आहेत ते मी सांगणार नाही.

माझी उमेदीची वर्षं फार छान गेली. मी चर्चला गेले, लग्नांना गेले, मातीला गेले. कुठे कसं वागायचं ते मला पाठ होतं, कारण सगळीकडे वागायची रीत एकच होती. लग्नात वासराएवढं भाजलेलं डुक्कर घेऊन येणारा माणूस मान खाली घालून म्हणायचा, "आमच्याने काही झालं नाही, हे एवढंसं पिल्लू आणलंय, सांभाळून घ्या." घेणारा म्हणायचा, "आमची काय लायकी एवढं घ्यायची." डुक्कर केवढं आहे ते सगळ्यांना दिसत असायचं, पण बोलायचं कोणी नाही. मला हे फार आवडायचं. लोक माझ्या विणीवरून बोटं फिरवून वाहवा करत, तेव्हा आजीसुद्धा म्हणायची, "छे हो, हात थरथरतो आता, नुसती वेडीवाकडी झालीय."

आजी गेली आणि मी तिची नात लावेनिया हिच्याकडे आले. तिने मला गुंडाळून गादीखाली ठेवलं. आमच्याकडे चटया गादीखालीच ठेवतात, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण वर्षानुवर्षं माणसांच्या वजनाखाली पडून राहिलं की अंग आखडतं. आपली कुणाला आठवण तरी आहे का, असं वाटत राहतं.

मधे एकदाच तिने मला काढलं. ऐन वेळी ओढून काढलं, झटकलं आणि काथ्याच्या दोरीने कमरेला आवळलं. माझ्या दोन पट्ट्या तडकल्या. मला वाटलं, कुणीतरी गेलं. पण आम्ही धक्क्यावरच्या फेरीबोटीच्या कचेरीत गेलो. लावेनिया तिथेच तिकिटांच्या आणि मालाच्या खिडकीवर ऐन तरुणपणापासून काम करत होती. त्या दिवशी मात्र तिला वरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि अनोळखी माणसांसारखे प्रश्न विचारले. कचेरीप्रमुखाची जागा रिकामी होती म्हणे. जे विचारलं त्यावर लावेनिया खाली बघून म्हणाली, "मी कसलं केलं, सगळ्यांनी केलं." मला अभिमान वाटला. आजीची नात शोभली, असं मनात आलं. जागा ऑकलंडहून आलेल्या एका माणसाला मिळाली. घरी येऊन लावेनिया रडली आणि मी परत गादीखाली गेले. इतकं छान बोलल्यावर रडायचं कशाला, ते मला कळलं नाही.

तो ऑकलंडचा माणूस पुढे सोडून गेला आणि जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी घरात निराळंच सुरू झालं. लावेनियाचा नवरा हेनेले दरवर्षी अर्धं वर्ष ऑस्ट्रेलियात फळबागांवर कामाला जातो. घरी येतो तो पाहुण्यासारखा. चमचे कुठे ठेवलेत तेही विचारतो. लावेनियाला ही जागा मिळाली तर तिच्या पगारात घर भागणार होतं आणि हेनेलेला जावं लागणार नव्हतं. नाही मिळाली तर पुढच्या महिन्यात त्याचं विमान होतं. म्हणून या खेपेला तयारी नीट करायची, असं दोघांनी ठरवलं.

पहिलं म्हणजे मला गादीखालून काढून उन्हात टाकलं, आणि तेही मुलाखतीला बरेच दिवस असताना. माझं अंग मोकळं झालं. मग लावेनिया मला बांधून खुर्चीवर बसायची सवय करू लागली, कारण खुर्चीवर बसलं की मी वर सरकते आणि बरगडीला टोचते. हेनेले समोर काळा चष्मा लावून साहेब होऊन बसला. लावेनियाची आई कोपऱ्यात नारळ खवत होती.

"बोला बाई, तुम्ही या कामाला लायक कशा?" हेनेलेने विचारलं.

"लायक कसली मी. माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत."

"नापास. जा घरी."

"घरीच आहे मी."

"तिला निलाजरं बोलायला शिकवू नकोस," आई खवणीवरून म्हणाली. "आपल्याच डुकराचं वजन चारचौघांत सांगायला लागली, असं म्हणतील लोक."

"आई, वजन केल्याशिवाय डुक्कर बोटीवर तरी घेतात का? तुमची लेकच तर रोज वजन करते."

आई पुटपुटत परत खवायला लागली. मी मात्र आईच्याच बाजूची होते. माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दल चांगलं बोलायचं, हे मी माझ्या आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

मग हेनेलेने तिला वादळाची गोष्ट सांगायला लावली. एकदा भर समुद्रातून बोट परत फिरली होती आणि बायकापोरांनी धक्का भरून गेला होता. त्या सगळ्यांची चर्चच्या सभागृहात सोय झाली, अळूची पानं आणि नारळाचं दूध घालून जेवणं शिजली.

"देवाच्या कृपेने झालं सगळं," लावेनिया म्हणाली.

"पाद्र्यांचं दार देवाने ठोठावलं का?"

"ते मी ठोठावलं."

"आणि चुली?"

"चुली मीच मांडायला लावल्या. पण हेनेले, हे असं सांगताना मला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं."

"अडकू दे. गिळ आणि सांग. देवाचं देवाकडे राहू दे, तुझं तेवढं सांग."

अशी रोज संध्याकाळी शाळा भरायची. सुट्टीच्या दिवशी लावेनिया धक्क्यावर जाऊन हमालांशी बोलली, नवी बोट आल्यावर कुठे खोळंबा होईल ते विचारून आली. कंपनीचे नियम वाचले. मुलाखत घेणाऱ्यांना आपण काय विचारायचं तेही ठरवलं. एकाच प्रश्नावर गाडी अडायची. हेनेले म्हणायचा, "तुमच्यात काय कमी आहे?" या प्रश्नावर लावेनिया इतकी भराभर बोलायला लागायची की त्यालाच थांबवावं लागायचं.

"अगं, एक सांग. पापं कबूल करायला बसली नाहीस तू."

शेवटी एकदा तिने ती यादी सांगायचं सोडून दिलं. म्हणाली, "याचा मला नीट विचार करायला हवा." त्यानंतर कितीतरी दिवस ती भांडी घासताना स्वतःशीच बोलायची. ती कोणाशी भांडते आहे असं मला वाटायचं. पण समोर कोणीच नसायचं.

मुलाखतीचा दिवस आला. तीच खोली, तीच खुर्ची. समोर कप्तान फोतू होते, आता बोटीवरून निवृत्त झालेले. त्यांच्या शेजारी बँकेतल्या एक बाई होत्या. तिसऱ्या सभासदाचं पोट बिघडलं म्हणून सकाळीच हिशेबखात्यातल्या एका नव्या तरुणाला बोलावून घेतलं होतं. लावेनिया आत गेली आणि तो तरुण खुर्चीवरून उठला, टेबलामागे खाली जमिनीवर बसला. आम्हाला त्याचे फक्त केस दिसत होते.

"सितिवेनी, काय हरवलं?" कप्तानांनी विचारलं.

"काही नाही, सर. ही माझी आत्या."

कप्तानांनी कपाळाला हात लावला. मित्रांनो, आमच्याकडे आत्याइतकं मोठं कोणी नाही. भाचा तिच्या ताटातलं खात नाही, तिच्यापेक्षा उंच बसत नाही, तिला उलट विचारणं तर दूरच. सितिवेनी लावेनियाच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी मला नाव कुठे सांगितलंत? नुसतं वर ये म्हणालात."

"आता कोणाचा कोणी लागत नाही असा माणूस या बेटावर मी कुठून आणू?"

"त्याने मला गुण देऊ नयेत," लावेनिया म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण ती बोलली. "मला जागा मिळाली तर उद्या गल्लीत म्हणतील, भाच्याने दिली."

बँकेतल्या बाईंनी मान डोलावली. पण प्रश्न तिघांत वाटलेले होते आणि सितिवेनीने आपले प्रश्न घाईत उतरवून घेतले होते, ते अक्षर दुसऱ्या कोणाला लागेना. शेवटी असं ठरलं की त्याने बाहेर व्हरांड्यात, खिडकीला पाठ करून बसायचं आणि तिथून आपले प्रश्न नुसते वाचायचे. लग्न, माती, चर्च, सगळं पाहिलेली मी, पण असला कार्यक्रम पहिल्यांदाच बघत होते. कोणाला मान द्यायचा आहे आणि कोण कोणाला हसतंय, ते मला समजेना.

लावेनियाने वादळाची गोष्ट सांगितली. दार ठोठावल्याचं सांगताना ती जराशी थांबली, मग गिळलं आणि सांगितलं. मला लाज वाटली आणि तिच्या कमरेवर मी आणखीच ताठ झाले. हिशेबाचे प्रश्न खिडकीतून आले, त्यांनाही तिने नीट उत्तरं दिली. मग बाहेर एकदम सामसूम झाली.

"सितिवेनी, झोपलास?" कप्तान म्हणाले.

"नाही, सर."

"मग वाच."

"सर, हा शेवटचा मला नाही जमायचा."

खाली धक्क्यावर कोणीतरी पिंपं गडगडवत होतं. लावेनियाने माझ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि ताठ बसली.

"राहू द्या, कप्तान. माझ्यात काय कमी आहे, हेच विचारायचंय ना रे?"

"हो, आत्या," खिडकीतून अगदी बारीक आवाज आला.

"मग सांगते. मी केलेलं काम मी कोणाला सांगत नाही. मला वाटायचं, हा माझा चांगुलपणा. पण मागे मी तापाने पडले तेव्हा बेटांवर जायची औषधं इथेच पडून राहिली. ती मी आपण होऊन रोज बोटीवर चढवत होते, हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. तिकडे एक म्हातारे गृहस्थ वाट बघत बसले. ते वाचले, पण त्यात माझी काही हुशारी नाही. माझ्या गप्प बसण्याने त्यांचा जीव जाणार होता. म्हणून गेले काही दिवस मी खिडकीवरच्या दोघांना शेजारी बसवून सगळं दाखवते आहे. ही जागा मला द्या किंवा देऊ नका, ते मी दाखवणारच आहे."

बँकेतल्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग लावेनियाने ठरवलेला प्रश्न विचारला, आधीचा माणूस का सोडून गेला. कप्तान म्हणाले, "मी इथे कशाला आलो, असं तोच आम्हाला विचारायचा."

घरी येताना मी फार बेचैन होते. जो गुण आजीने मला विणता विणता शिकवला, त्यालाच आजीची नात उणीव म्हणाली होती. मला राग यायला हवा होता. पण तो औषधाची वाट बघणारा म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आजी बरोबर की लावेनिया बरोबर, हे मी स्वतःला विचारत राहिले. अजूनही विचारते. कदाचित आजी लग्नापुरती बरोबर असेल. मला खरंच माहीत नाही.

काही दिवसांनी दुपारी फोन आला. लावेनिया ऐकत राहिली, "बरं" म्हणाली आणि जमिनीवर बसली. आईने एकदम गळा काढला. मी दोरीवर वाळत होते. मला वाटलं, कोणीतरी गेलं. तेवढ्यात हेनेलेने पलंगाखालून प्रवासाची मोठी बॅग ओढून काढली. तेव्हा माझी खात्रीच पटली, जागा गेली आणि हा निघाला. त्याने बॅग उपडी केली. बागेत घालायचे जाड बूट, टोपी, हातमोजे, सगळं पडवीत ओतलं. बूट शेजाऱ्याला देऊन टाकले. आई रडत रडत हसत होती. या लोकांचं रडणं कोणतं आणि हसणं कोणतं, ते मला या वयातही ओळखता येत नाही.

मित्रांनो, आता मी त्या बॅगेत राहते. लावेनिया मला आठवड्यातून बरेचदा कचेरीत नेते, म्हणून मी हाताशी असलेली बरी. तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं, जपून ठेवलेलं काहीतरी असेल. त्याला ऐन वेळी ओढून काढू नका. आधी ऊन दाखवा, हात फिरवा, दोन-चारदा वापरून बघा, म्हणजे ते तडकणार नाही. स्वतःचंही असंच असतं का, ते तुम्ही मोठ्या माणसांना विचारा. माझा तर सगळाच गोंधळ आहे. पण सकाळी बॅगेची चेन उघडते, आणि मला बाहेर काढणारा हात हेनेलेचा असतो.