बाभळीचा तुकडा

"मिस्त्री, नुसतं बघताय काय? हातात घ्या, वजन बघा!" असं म्हणत दुकानदार शेट्टरांनी ते दांडगं ड्रिल मशीन काउंटरवरून मौनेशप्पाच्या पुढ्यात सरकवलं.

मौनेशप्पाने उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलखाली आणखी आत ओढून घेतला आणि डाव्या हाताने मशीन उचललं. वर, खाली. मग मान डोलावली. मोठ्या जाणकारासारखी डोलावली. नीलव्वा त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती, आणि ती मान डोलताना बघून तिच्या कपाळाची शीर तटतटली.

मुळगुंदहून सकाळची पहिली गाडी पकडून दोघं नवराबायको हुबळीला आली होती. घ्यायचं होतं एक ड्रिल आणि स्क्रू पिळायचं एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन्ही बॅटरीवर चालणारी, कारण त्यांच्या गल्लीतली वीज दिवसातून चार वेळा रुसायची. शाळेच्या हॉस्टेलच्या आठ दारांचं काम हातात होतं. चौकटी बाभळीच्या, कोपऱ्याकोपऱ्याला चार इंची स्क्रू. आतापर्यंत नीलव्वा ते हाताने पिळत आली होती. गेले दोन महिने तिचं मनगट सकाळी उठल्यावर भाकरी थापायलाही तयार नसायचं. घरात धड उजवं मनगट म्हणाल तर तेवढं एकच उरलं होतं.

मौनेशप्पाचं चार वर्षांपूर्वी गेलं. एका जुन्या वाड्याच्या तुळईला भोक पाडायला म्हणून कुणाचं तरी असंच अवजड मशीन त्याने मागून आणलं होतं. मशीनच्या टोकाचं बिट सागात अडकलं, मशीन थांबेना, आणि बिट फिरायचं ते मशीनच फिरलं, हातासकट. मनगटात स्टीलची पट्टी बसली, पण बोटं काही मिटेनात. पहिलं वर्ष तो आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात फिरकलाच नाही. ओसरीत बाजेवर पडून तो छताकडे बघत राहिला आणि नीलव्वा रंधा मारत राहिली. गावाने तरीही म्हणायचं ते म्हटलं: मौनेशप्पाच्या कारखान्यातलं दार. मौनेशप्पाच्या हातची खिडकी. माप सांगायला येणारा माणूस भुशात माखलेल्या नीलव्वाच्या पुढ्यातून थेट बाजेपाशी जायचा.

आणि आता तोच मौनेशप्पा तसलंच धूड हातात घेऊन मान डोलावत होता.

"हेच बरं," मौनेशप्पा म्हणाला. "मशीन कसं भारदस्त पाहिजे. हलक्या मशीनला लाकूड भीक घालत नाही."

"हे मात्र लाख बोललात!" शेट्टर खूश झाले. मग त्यांची नजर मागे गेली आणि नीलव्वा दिसताच त्यांचा आवाज मुलांशी बोलावं तसा मऊ झाला. "अक्का, तुम्हाला पण एक दाखवू? फोटो-बिटो टांगायला, पडद्याचा दांडा लावायला. एकदम हलकं. रंगपण बघा किती छान."

रंग जांभळा होता. नीलव्वाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"अहो, ते नको," ती नवऱ्याला म्हणाली. "ते बाजूचं बघा. आखूड तोंडाचं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मौनेशप्पा मान न वळवता म्हणाला.

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाईकं होती. एक प्लंबर, एक पंखे दुरुस्त करणारा, कुणी कुणी. त्यातला एक हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. तुला काय कळतंय! काल संध्याकाळी ह्याच माणसाला तिने जमिनीवर बसून समजावून सांगितलं होतं, की ड्रिल भोकाला आणि इम्पॅक्ट स्क्रूला. ड्रिल अडकलं की सगळा पीळ मनगटावर येतो, इम्पॅक्ट आतल्या आत ठोके देतं, हाताला ओढत नाही. म्हणून ड्रिल मध्यम हवं, अडकलं की आपोआप सुटणारं, आणि इम्पॅक्ट आखूड हवं, चौकटीच्या कोपऱ्यात शिरणारं. दोन्हीला एकच बॅटरी चालणारी हवी. हे सगळं तिने हॉस्टेलच्या वायरमनला विचारून विचारून गोळा केलं होतं. मौनेशप्पाने "हं" म्हटलं होतं. त्या "हं"चा हा असा अर्थ होता तर.

"चालवून बघा ना मिस्त्री," शेट्टर म्हणाले आणि त्यांनी काउंटरखालून लाकडाचा ठोकळा काढला.

ठोकळा पांढऱ्या, भुसभुशीत लाकडाचा होता, खोक्याची फळी असते तसल्या. त्याला आधीच शंभर भोकं पडलेली. मौनेशप्पाने डाव्या हाताने मशीन टेकवलं, दाबलं, आणि बिट लोण्यात जावं तसं आत गेलं.

"बघा!" शेट्टर म्हणाले.

"बांधा," मौनेशप्पा म्हणाला.

नीलव्वा पुढे आली. हातातली पिशवी तिने काउंटरवर ठेवली आणि आतून बाभळीचा हातभर लांब तुकडा काढला. हॉस्टेलच्या चौकटीचाच, कापून उरलेला. काळपट, गाठाळ, उचलताना शेट्टरांच्या चेहऱ्यावर वजन दिसेल असा.

"यात घाला," ती म्हणाली.

"अक्का, घरनं लाकूड घेऊन आलात?"

"तांदूळ घ्यायचे तर शिजवून बघतात. हॉस्टेलच्या पोरींच्या खोल्यांना काय खोक्याच्या फळ्या लावणार आहोत आम्ही?"

मौनेशप्पाने तिच्याकडे बघितलं. नको, असं त्या बघण्यात होतं. घरी चल मग बघतो, असंही होतं. पण चार माणसं बघत होती आणि त्यांच्यापुढे मागे सरायचं म्हणजे त्याच्या दृष्टीने मरणच. त्याने पुन्हा मशीन डाव्या हातात घेतलं, जाड बिट बाभळीवर टेकवलं आणि जोर दिला.

बोटभरसुद्धा आत गेलं नसेल. बिट गचकन अडकलं आणि ते धूड डाव्या हातातून उसळून काउंटरवरचा स्क्रूंचा डबा उडवत गेलं. मौनेशप्पा दोन्ही हात वर करून मागे सरकला. टॉवेल खाली पडला. उजवा हात सगळ्यांसमोर आला, अर्धवट उघड्या बोटांचा, कसलीच वस्तू न धरणारा.

प्लंबर खाली वाकून स्क्रू गोळा करू लागला.

नीलव्वाला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, पण रागाच्या पाठोपाठ, दमत धापा टाकत आलं, आणि राग त्याला दारात उभं करेना. दुसरंही मनगट गमावून बसला असतास की रे बाबा, असं तिच्या मनात आलं. आणि बसला नसतास तर हेच घरी आणून माझ्या हातात दिलं असतंस!

"ते मधलं द्या," ती शेट्टरांना म्हणाली. "आणि ते आखूड तोंडाचं. बॅटरी लावून द्या."

शेट्टरांनी निमूट दिलं.

तिने बाभूळ गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवली, एक पाय वर ठेवून दाबली, पदर खोचला. ड्रिलने बारीक भोक पाडलं. एकदा बिट अडकलं, आणि ड्रिल कट्‌कट्‌ करून आपणच थांबलं. मनगट जागच्या जागी. मग इम्पॅक्ट घेतलं, पिशवीतला स्वतःचा चार इंची स्क्रू टोकाला बसवला. यंत्र आधी गुरगुरलं आणि मग तडतडायला लागलं. स्क्रू सावकाश, अजिबात न थांबता आत गेला आणि त्याचं डोकं लाकडात बुडालं. दुसरा. तिसरा. तिने हात झटकून बघितला. दुखत नव्हता.

"ही दोन्ही बांधा."

"वा वा वा!" शेट्टरांना कंठ फुटला. ते वळले आणि मौनेशप्पाकडे कौतुकाने बघून म्हणाले, "मिस्त्री, मानलं तुम्हाला! बायकोला काय झकास तयार केलंय!"

नीलव्वा थांबली. नवरा काय म्हणतो ते ऐकायला तिचं सगळं अंग कान होऊन बसलं.

मौनेशप्पाने टॉवेल उचलून पुन्हा हातावर टाकला.

"हां," तो म्हणाला. "शिकवलंय थोडंफार."

"गॅरंटीच्या कार्डावर नाव काय लिहू?"

"मौनेशप्पा काळप्पा बडिगेर. सुतार मिस्त्री, मुळगुंद."

शेट्टरांनी लिहिलं. 'मिस्त्री' या शब्दाखाली त्यांनी हौसेने एक रेघही ओढली.

परतताना गदगच्या स्टँडवर त्याने चुरमुऱ्याच्या गिरमिटाच्या दोन पुड्या आणि मिरची भजी आणली आणि तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

"खा गं. सकाळपासनं काही नाही पोटात."

"कधी शिकवलंत?"

"काय?"

"थोडंफार. कधी शिकवलंत ते सांगा. तिथी-वार सांगा. बाजेवर पडून 'सांधा वाकडा आला, सांधा वाकडा आला' म्हणून ओरडत होतात ते शिकवणं का?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! दुकानात लोक बघत होते तेव्हा तुमची जीभ चांगली सुटली होती."

मौनेशप्पा पुडीतलं गिरमिट बोटांनी नुसतं चिवडत राहिला. "चार माणसांपुढं काय सांगायचं मी? हात गेलाय माझा, आता बायको मला पोसते, असं?"

"तुमचा हात गेला हे सांगा, असं कोण म्हणत होतं? तो सगळ्यांनी बघितला. 'तिचा हात चालतो', एवढं सांगायचं होतं. तीन शब्द होते. तेवढेसुद्धा तुमच्या तोंडातून निघाले नाहीत."

गाडी लागली. नीलव्वा खोकी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली आणि मुळगुंद येईपर्यंत तिने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही तिला राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनेशप्पाने आंघोळ करून दोन्ही यंत्रं कारखान्यात कुलदैवत मौनेश्वराच्या तसबिरीपुढे ठेवली. हळदकुंकू लावलं, लिंबू कापलं, कापूर पेटवला, सगळं डाव्या हाताने. त्यांच्या घरची रीत अशी की नव्या हत्याराचा पहिला घाव घरच्या मिस्त्रीने घालायचा. त्याच्या बापाने घातला होता, आज्याने घातला होता. कापूर विझल्यावर त्याने इम्पॅक्ट उचललं आणि उजव्या हातात ठेवून बघितलं. बोटं त्याच्याभोवती काही केल्या मिटेनात. त्याने दुसऱ्या हाताने ती एकेक दाबून मिटवायला बघितली. नीलव्वा जुळवायला ठेवलेल्या चौकटीपाशी उभी होती. ती मदतीला गेली नाही आणि तिने नजरही फिरवली नाही.

मग त्याने यंत्र तिच्या बाजूला चौकटीवर ठेवलं.

चौकटीचं दुसरं टोक ती एरवी दगड ठेवून, दोरीने आवळून घ्यायची. आज दगड घ्यायला ती वळली तर मौनेशप्पा त्या टोकाशी जाऊन खाली बसलेला. डाव्या हाताने त्याने चौकट धरली, उजव्या कोपराचा भार वर दिला आणि मान खाली घातली. लग्न होऊन आल्यापासून त्याचा हात जाईपर्यंत, पंधरा वर्षं, त्या जागी ती बसत आली होती. तिथे बसूनच तिने सगळं काम बघून घेतलं होतं. त्या टोकावरून लाकूड कसं दिसतं ते तिला ठाऊक होतं. त्याला ते आज पहिल्यांदा दिसत असणार.

तिने पहिला स्क्रू लावला.

रस्त्यावरून हॉस्टेलचा क्लार्क हडपद सायकल थांबवून ओरडला, "मौनेशप्पा, दारं सोमवारी मिळणार ना?"

यंत्र थांबलं. मौनेशप्पाने मान वर केली नाही.

"मिस्त्रीला विचारा," तो म्हणाला.

तो टोमणा होता की खरं होतं, ते त्या सुरावरून नीलव्वाला कळलं नाही. तिने विचारलंही नाही. हडपद एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत सायकलवर तसाच एक पाय टेकून उभा होता.

"सोमवारी नाही, बुधवारी," नीलव्वाने त्याला सांगितलं. मग ती पुन्हा वाकली. चौकट किंचित सरकली होती.

"नीट धरा," ती नवऱ्याला म्हणाली. "हलू नका."

त्याने धरली.