गुणाजीकाकांची चौकशी

आमच्या गुणाजीकाकांनी रोहा-पेण पट्ट्यात इतकी लग्नं जुळवली आहेत की कुठल्याही हळदीला गेलं तरी निम्मी माणसं त्यांच्या पाया पडतात आणि उरलेली त्यांच्याकडे डोळे वटारून बघतात. स्थळं सुचवणं हा त्यांचा धंदा नाही, व्यसन आहे. मी त्यांची सख्खी पुतणी, ऋतुजा. धाटावला कंपनीत लॅबला आहे, तिशीला टेकलेय आणि लग्न केलेलं नाही. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीवरचा डागच. हे ते मला दर रविवारी ऐकवतात आणि मीही दर रविवारी ऐकून घेत नाही.

सहा वर्षांपूर्वी काकांनी वजनाचं ऑपरेशन केलं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी बारीक करतात ना, ते. वजन असं उतरलं की काकांनी नवे शर्ट शिवले, मिशी कोरली आणि स्वतःसाठीच स्थळ बघायला निघाल्यासारखे आमच्या वरसे गावात मिरवायला लागले. दोन वर्षं मजेत गेली. मग वजन गुपचूप परत यायला लागलं आणि बघता बघता जवळजवळ सगळं आलं. मागोमाग शुगर आली, बीपी आलं, गुडघे कुरकुरायला लागले. एका साखरपुड्यात कुणीतरी भर मांडवात विचारलं, "काय गुणाजीशेठ, टाके उसवले काय?" काका सगळ्यांबरोबर हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

एका शनिवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून पेणला नेलं. पनवेलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई शनिवारी तिथे येतात. खड्ड्यागणिक स्कूटर पुढून उचलल्यासारखी व्हायची आणि काका मागून म्हणायचे, "सावकाश गो, आजून तुजं लगीन व्हायचंय."

बाईंनी दुर्बिणीची तपासणी आधीच करून घेतली होती. त्या म्हणाल्या, "वजन परत येणं हा गुन्हा नाही. बऱ्याच जणांचं येतं. शरीर जुनं वजन सहजासहजी सोडत नाही."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस?"

"आता सांगा, खाता काय?"

"अर्धी भाकरी. चमचाभर भात. देवाशपथ."

ते खरंच होतं. म्हणून मला तोंड उघडावं लागलं. "आणि चहा," मी म्हटलं.

त्याचं असं आहे. काका रोज चार-सहा घरं फिरतात. प्रत्येक घरी पोहे येतात. ऑपरेशननंतर पोहे दोन घासांपुढे जाईनात आणि घरची माणसं तोंड पाडायची. मग काकांनी तोड काढली, पोह्यांऐवजी चहा. चहा पातळ, तो सरसर उतरतो, पोट काही बोलत नाही. पाहुण्याचा चहा म्हणजे दुधाचा आणि साखर सढळ. एका घरी दोनदा, मुलगी पसंत पडली तर तिसऱ्यांदा.

"अर्धाच कप घेतो मी," काका म्हणाले. "आणि अर्धा कप म्हंजे काय चहा नसतो बाई, मान असतो."

"मानात साखर किती चमचे असते?" बाईंनी विचारलं. त्या मला तेव्हापासूनच आवडल्या.

मग त्यांनी नीट समजावलं. पिशवी फारशी सैल झालेली नव्हती, त्यामुळे तीच पुन्हा कापण्यात अर्थ नव्हता. एक मार्ग होता बायपासचा, म्हणजे आतड्याची वाट वळवायची. दुसरा आठवड्याच्या इंजेक्शनांचा, त्यानं भूक कमी होते. आणि यातलं काहीही न करता चहा-सरबत बंद, चालणं आणि आहार, हा तिसरा. पहिल्या दोहोंबरोबरही तो करावा लागणारच होता. "विचार करा," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी घरच्यांना आणा."

"ही घरचीच हाय," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला. "तीन स्थळं हायत," ते बोटांवर मोजत म्हणाले. "बायपास. घराणं खात्रीचं, पण मानपान मोठा. जलमभर गोळ्या, आणि जास्त गोड खाल्लं की घाम, चक्कर. इंजिक्शन. दिसायला नाजूक, चाकूसुरी नाय, पण सोडलं की वजन परत माहेरी. तिसरं गरिबाघरचं. त्याला कोण विचारतंय!"

"मग ठरवा ना एक."

"असं कसं? चौकशी नको?"

काकांची चौकशी म्हणजे शास्त्र आहे. मुलाबद्दल त्याच्या बापाला कधी विचारायचं नाही. मुलाला तर नाहीच. घरातली बाई पाणी घेऊन येते, तिला विचारायचं. खरं काय ते तिलाच माहीत असतं. याच शास्त्रानं आता ऑपरेशनांची चौकशी होणार होती. आणि ती माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या पेट्रोलवर.

पुढच्या रविवारी आधी डोलवीला गेलो. तिथल्या स्टील प्लँटमध्ये कंत्राटावर काम करणारा हर्षद वर्षभर ती इंजेक्शनं घेत होता. त्याची आई विमलबाई पाणी घेऊन आली. तिनं काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन नवी साडी नेसून आली. मी काय ते ओळखलं. गुणाजी पुतणीला घेऊन दारात आला, म्हणजे आणखी कशाला येणार?

"हर्षद कसा हाय मंग आता?" काकांनी विचारलं.

"सोन्यासारका! कायपण मागत नाय. पुढ्यात ठेवू ते खातो."

"खातो ना? मळमळ बिळमळ नाय? ओकतो काय?"

विमलबाईंचा चेहरा पडला. "माजा पोर कशाला ओकंल? पीतपण नाय तो!"

"तसं नाय हो. सुईचं विचारतो मी. बंद केली तर काय व्हईल?"

"कसली सुई? कोणी सांगितलं तुमाला? शेजारीण ना? तिच्या पोरीला आमी नाय बोललो, तवापासनं जळते ती!"

तेवढ्यात हर्षद केस ओले करून, भांग पाडून बाहेर आला आणि माझ्याकडे बघून हसला. मुलगा वाईट नव्हता. पण त्या घरात इंजेक्शनाबद्दल एक खरा शब्द मिळणं शक्य नव्हतं. काकांना तीन कप चहा मात्र मिळाला. स्कूटर सुरू करताना मी इतकी तणतणत होते की चावी दोनदा खाली पडली.

"पद्धत बराबर हाय," काका म्हणाले. "तू बरोबर आलीस, तीच चूक."

तिथून पुढे पेणला काकांच्या ओळखीतली प्रणिता राहते. तिचा नवरा सुशील याचीही काकांसारखीच गत झाली होती. पहिलं ऑपरेशन, वजन परत, मग दीड वर्षापूर्वी बायपास. सुशील दुकानात होता, त्यामुळे काकांचं काम सोपं झालं. प्रणिता शाळेत शिकवते. तिनं पाणी दिलं, समोर बसली आणि विचारायच्या आधीच म्हणाली, "चहा करत नाही हं काका. सुशीलसाठी घरातून बंद केलाय."

काकांनी पाण्याचाच घोट घेतला आणि चौकशी सुरू केली. तिनं काहीही लपवलं नाही. पहिले तीन महिने जड गेले. केस गळले. एकदा लग्नात जिलेबी खाल्ली आणि मांडवामागे आडवा झाला. गोळ्या तो रोज विसरतो, ती रोज आठवण करते, रोज भांडण होतं. पण शुगर उतरली, आणि हल्ली संध्याकाळी दोघं चालायला जातात.

"मंग घाई केली, असं नाय ना वाटत?" काकांनी विचारलं.

"नाही. मी चौकशी केली होती ना आधी." प्रणिता जरा थांबली. "तुमच्याच घरी आले होते. तुम्ही कुठंतरी स्थळ घेऊन गेला होतात. पहिल्या ऑपरेशनचं आणि नंतरचं, सगळं काकींना विचारलं."

काका खुर्चीत पुढे सरकले. "हौसाला? काय बोलली ती?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," प्रणिता म्हणाली. आवाज मऊ होता, पण पुढे बोलायची तिची तयारी दिसली नाही.

येताना वडखळपासून नागोठण्यापर्यंत एकाही खड्ड्यावर काकांनी माझं लगीन काढलं नाही. मी आरशात दोनदा बघितलं, पडले की काय म्हणून.

घरी आलो तेव्हा हौसाकाकी पडवीत चटईवर वाल सोलत बसली होती. मोड आलेल्या वालाचं पातेलं पुढ्यात आणि डोळे मिटायला आलेले. काकी कुठंही पेंगते. भांडी घासताना, भजनाला, एसटीची वाट बघताना उभ्या उभ्या. आमच्या घरात तो चेष्टेचा विषय आहे.

काका तिच्यासमोर मांडी घालून बसले. मी खांबाला टेकून मोबाईल बघायचं नाटक केलं.

"एक चौकशी होती बाई," काका म्हणाले. "इथं वरश्यात एक गुणाजी म्हणून हाय. माणूस कसा हाय तो?"

काकीनं मान वर केली. डोळ्यांत हसू आलं. "बरा हाय. बोलतो फार."

"खाण्यापिण्याचं?"

"घरचं खात नाय, दारोदारचं पितो."

"पोटाचं ऑपरेशन केलं होतं म्हणतात. फुकट गेलं?"

काकीनं हातातला वाल पातेल्यात टाकला. "फुकट कसं जाईल? दोन वरसं मी झोपले."

"म्हंजे?"

"रातचा श्वास थांबतो त्याचा." ती अजून तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखी सांगत होती. "घोरता घोरता एकदम गप व्हतो. मी आयकत पडते. आत्ता घेईल, मंग घेईल. नाय घेतला की ढोसते कोपरानं. मंग घुसमटून घेतो आणि परत घोरतो. त्याला काय ठाव नसतं. ऑपरेशन झालं, वजन उतरलं, तसं ते थांबलं. सुटले म्हटलं. आता परत सुरू झालंय. म्हणून मी झोपत नाय. एक दिवस ढोसायचं राहिलं तर?"

मला हातातल्या मोबाईलवर काय चाललंय ते दिसेना. इतकी वर्षं मी तिच्या पेंगण्याला हसत होते. मला माझाच राग आला, आणि काकांचा त्याहून जास्त.

काका तिच्याकडे वाकून म्हणाले, "मला का नाय सांगितलंस कदी?"

"तीन बाया येऊन विचारून गेल्या. तिघींना सांगितलं." काकीनं पुन्हा वाल हातात घेतला. "तुमी नाय विचारलं. आणि मांडवात लोक तुमाला हसलेले. वर मी आनखी काय सांगू?"

"मंग आता तूच सांग. बायपास का इंजिक्शन?"

"तुमचं पोट, तुमी बघा. बारीक व्हा नायतर जाडे ऱ्हावा. मला रातचा श्वास पायजे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "बाईंना फोन लाव गो. सांग, शनिवारी आमी दोघं येतो. ही सांगंल सगळं. झोपंचं काय तपासायचं ते तपासा, आणि श्वास ज्यानं लवकर नीट व्हईल ते करा. कापायचं तर कापा. लोकांचं मी बघतो."

मी फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, झोपेची तपासणी आधी करू, तोवर लागलं तर श्वास थांबू नये म्हणून रात्री नाकाला लावायचं मशीनही मिळतं. मग बाकीचं ठरवायला बरं पडेल. हे काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मशीन लावून तरी गप बसतील काय?" आणि आम्ही तिघंही हसलो.

"तू पड जरा," काका तिला म्हणाले.

"आणि वाल?"

"मी सोलतो."

"तुमाला कुठं येतात?"

पण ती चटईवरच आडवी झाली, हात उशाला घेतला आणि बोलणं पुरतं संपायच्या आधीच झोपली. काकांनी पातेलं ओढून घेतलं. अर्ध्या वालांवर साल तसंच राहत होतं आणि उरलेल्यांचा चुरा होत होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, रोह्याच्या कुठल्याशा मुलाचे वडील होते. असा फोन काका एरवी जेवणाच्या ताटावरून उठून घेतात. आज त्यांनी तो घाईघाईनं बंद केला, माझ्या हातात दिला आणि मला खुणेनंच अंगणात जायला सांगितलं.

मी पायरीवरून मागे वळून बघितलं. काका वाल सोलायचे थांबले होते. पुढे वाकून ते काकीचा श्वास ऐकत बसले होते.