भूक चोर नव्हती

"आज मला भूक नाही," असं म्हणून भिंगरीने समोरचं ताट हळूच पुढे सरकवलं.

मुलीचं हे वाक्य ऐकलं की कुठल्याही आईच्या काळजात चर्र होतं. हिच्या आईला मात्र ते ऐकून बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आणि त्याच क्षणी तिच्या कानाशी कुणीतरी कौतुकाने पुटपुटलं, "शहाणी गं माझी लेक."

आवाज तिच्या आईचा होता. आई तर पलीकडच्या खोलीतच होती, खिडकीजवळच्या खुर्चीत, पायांवर शाल घेऊन बसलेली. पण त्या म्हातारीला आता स्वतःचं नावही धड आठवत नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, सकाळ की संध्याकाळ, सगळं पुसलं गेलं होतं. कानाशी बोलणारी आई वेगळी होती. ती कितीतरी वर्षांपूर्वीची, कमरेवर हात ठेवून जेवणाच्या टेबलाशी उभी राहणारी, प्रत्येकाच्या घासावर नजर असणारी आई. खरी आई सगळं विसरून मोकळी झाली होती. ही दुसरी मात्र काहीच विसरली नव्हती.

भिंगरीची आई एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायची. नटनट्यांचे पोशाख बेतायचे, शिवायचे, उसवायचे, प्रयोगाआधी इस्त्री करून ओळीने टांगायचे, हे तिचं काम. कंपनीतले सगळे तिला 'बाई' म्हणत. बाईंच्या हाताला दृष्ट लागावी अशी सफाई होती. पण जिभेला एक सवय होती. एखाद्या नटीचा पोशाख कमरेत सैल झाला की त्या म्हणत, "वा! कशी छान बारीक झालीस!" आणि घट्ट झाला की काहीच बोलत नसत, नुसतं टाचण्या तोंडात धरून हुंकार देत. त्या हुंकाराला नट्या टीकाकारांपेक्षा जास्त भीत.

घरीही तोच कारभार. बिस्किटं, साखर, मुरांबा, सगळं वरच्या कपाटात कुलूपबंद. भिंगरीने दुसऱ्यांदा भात मागितला की बाई विचारायच्या, "नक्की हवाय?" त्यात रागाचा सूर नसायचा. उलट मायेनेच विचारायच्या. नवरा कामानिमित्त महिनोन्‌महिने बोटीवर. मुलीला 'वळण' लावायची जबाबदारी आपली एकटीची, असं त्यांना वाटे. मुलगी अंगाने भरायला लागली होती. तिला कुणी हसू नये, एवढीच त्यांची धडपड होती. तुमच्याआमच्या घरात तरी दुसरं काय चालतं? आपण मुलांच्या ताटात डोकावतो आणि त्याला काळजी म्हणतो.

आणि बाईंच्या काळजीला तसंच कारण होतं. त्यांना एक मोठी बहीण होती.

ताई लहानपणी गुबगुबीत होती. हसली की गालांत डोळे बुडून जायचे. पाहुणे कौतुकाने गालगुच्चे घेत. ती मोठी झाली तशी त्या कौतुकाची चेष्टा झाली. एका काकांनी भर पंगतीत विचारलं, "हिच्यासाठी दार रुंद करून घेतलंत की नाही?" सगळे हसले. ताईही हसली. आईने मात्र ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ताईचं ताट वेगळं झालं. आधी आई तिला रोखायची, मग रोखायची गरजच उरली नाही. ताई स्वतःच घास मोजू लागली. ती बारीक झाली तेव्हा ज्यांनी तिला हसून घेतलं होतं त्यांनीच तिची वाहवा केली. तिच्या गळ्याखालची हाडं दिसायला लागली, केस गळायला लागले, उन्हातही तिला स्वेटर लागायला लागला, तरी वाहवा थांबली नाही. मग एका थंडीत बसची वाट बघता बघता ताई फुटपाथवर बसली, ती उठलीच नाही.

"मुळात हृदयच कमजोर होतं तिचं," असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे कुणी चर्चा केली नाही. सगळ्यांनी तेच एक वाक्य उचललं आणि झाकणासारखं ठेवून दिलं.

ताई मात्र झाकणाखाली राहिली नाही. कपडेपटाच्या खोलीत तीन भागांचा मोठा आरसा होता. त्यात एखादी नटी पोशाख घालून उभी राहिली की कधीकधी बाईंना तिच्यामागे आणखी कुणीतरी दिसायचं, स्वेटर घातलेलं, अंग चोरून उभं असलेलं. बाई टाचणी लावत राहायच्या. वळून बघायच्या नाहीत.

शाळा सुटली की भिंगरी थेट आईच्या कामावर यायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, बटणं निवडायची आणि ऐकायची. कोण सुटली, कोण आटोक्यात आहे, कुणाची कंबर पुन्हा सैल करावी लागणार, सगळं तिच्या कानावर पडायचं. एका जागी बसत नाही म्हणून आजीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. गेल्या काही दिवसांत ती एका जागी बसायला शिकली होती. बाईंना वाटलं, मुलगी समजूतदार झाली.

त्या दुपारी रंगमंचावर तालीम चालू होती. सैनिकांचे लांब कोट हवे होते म्हणून बाई मागच्या खोलीत गेल्या. कोटांच्या दाट रांगेतून काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज येत होता. उंदीर असणार म्हणून त्यांनी हातात लाकडी हँगर घेतला आणि कोट बाजूला सारले.

खाली, भिंतीला टेकून, ताई बसली होती.

तेच गाल, तेच भेदरलेले डोळे. मग बाईंना शाळेचे बूट दिसले. ती भिंगरी होती. नटांच्या खोलीतून उचलून आणलेला पाव तिच्या मांडीवर होता. कोरडाच पाव ती दोन्ही हातांनी तोडून तोंडात कोंबत होती. खाताना माणूस सुखावतो म्हणतात. हिच्या चेहऱ्यावर सुखाचा मागमूस नव्हता. कुणीतरी मागे लागल्यासारखी ती गिळत होती.

बाईंना तिला जवळ घ्यायचं होतं. पण तोंड उघडलं आणि शब्द आले ते असे: "किती खाल्लंस?"

आवाज त्यांचा नव्हता. कमरेवर हात ठेवून टेबलाशी उभ्या असलेल्या आईचा होता. आजवर तो कानाशी ऐकू यायचा, आज तो त्यांच्याच घशातून निघाला होता.

"थुंकते, आई," भिंगरी घाईघाईने म्हणाली. "अजून गिळलं नाहीये. हे बघ, थुंकते." आणि तिने तोंडातला घास स्वतःच्या ओंजळीत काढून आईपुढे धरला.

केवढी ही भीती! आणि कशाची, तर पावाच्या एका तुकड्याची! ती ओंजळ बघून बाई मटकन खाली बसल्या. त्यांनी आपल्या पदराने मुलीचे हात पुसले आणि तालीम तशीच सोडून तिला घरी घेऊन आल्या.

घरी मावशी होत्या. मावशी म्हणजे बाईंच्या आईची धाकटी बहीण. उभं आयुष्य रुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेली, बोलायला फटकळ. दिवसा म्हातारीजवळ त्याच बसायच्या. त्या वेळी त्या तिला वाटीतून भाजीचं सूप पाजत होत्या. रडून सुजलेल्या डोळ्यांनी भिंगरी दारात उभी राहिली आणि म्हातारीने मान वर केली. तिच्या विझल्या डोळ्यांत एकदम ओळख उजळली.

"आलीस? किती वाट बघायला लावलीस गं," ती म्हणाली. तिने भिंगरीला ताईच्या नावाने हाक मारली. ते नाव त्या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. "ये, बस. जेवून घे. आज मी बघणार नाही. तोंड फिरवून बसते, मग तर जेवशील?"

आणि म्हातारीने खरोखरच तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशींच्या हातातली वाटी मात्र घेऊन पुढे धरून ठेवली.

भिंगरी गोंधळली. तिने सवयीने आईकडे पाहिलं, परवानगीसाठी. म्हातारीला ते न बघताच कळलं की काय कोण जाणे. ती भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "तिकडे काय बघतेस? तिकडे कुणी नाही."

इतकी वर्षं बाईंना वाटत होतं, या घरात ताईचं भूत आहे. आज त्यांच्या लक्षात आलं, लेकीच्या ताटाशी उभं राहिलेलं भूत आपण स्वतः आहोत.

भिंगरीने वाटी घेतली. तिथेच जमिनीवर बसून सावकाश सूप प्यायली. थोडं उरवून तिने वाटी खाली ठेवली, आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिथेच झोपली.

बाई स्वयंपाकघरात आल्या. मागोमाग मावशी आल्या. कोटांच्या मागे घडलेलं सगळं बाईंनी सांगितलं. मावशींनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तुझ्या ताईचं हृदय कमजोर नव्हतं. ती उपाशी मेली. भरल्या घरात."

बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. कुणीतरी मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं, इतकंच. त्यांनी विचारलं, मग करू तरी काय? कुलूप काढलं तर पोरगी कपाट रिकामं करेल. तिला कोण आवरणार?

"तान्ही होती तेव्हा कोण आवरत होतं?" मावशी म्हणाल्या. "पोट भरलं की तोंड फिरवायची की नाही? मग तू चांदीचा चमचा आण की सोन्याचा. ती अक्कल प्रत्येक जिवाला असते. आपणच ती दटावून गप्प करतो. आणि हे बघ, भूक घरचं माणूस आहे. पुढच्या दाराने येऊ दिलं नाहीस तर ती मागच्या दाराने चोरासारखी येणार. आणि चोरून आलेला निवांत बसून चव घेत नाही, हाताला लागेल ते ओरबाडतो."

"आणि लोक हसले तर तिला?"

"हसतील. हसणाऱ्यांचं तोंड बंद कर. पोरीचं कशाला करतेस?" मग मावशींनी विचारलं, "तू स्वतः भूक लागली म्हणून शेवटची कधी जेवलीस गं?"

बाईंनी आठवून पाहिलं. वेळ झाली म्हणून त्या जेवल्या होत्या. ठरवून उपाशी राहिल्या होत्या, आणि मग एकट्याने उभ्याउभ्या डबे धुंडाळून पस्तावल्या होत्या. पण भूक? ती कशी असते, कुठे लागते, तेच त्यांना आठवेना. आणि तेव्हा मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

मावशींनी भिंगरीला डॉक्टरीण बाईंकडेही नेलं. अशा गोष्टी घरच्या घरी दडपायच्या नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरीण बाईंनी मुलीला आधी तपासलं आणि मग आईला समोर बसवून पुष्कळ वेळ बोलल्या.

कुलूप निघालं. पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. भिंगरीने पहिल्यांदा बिस्किटांचा पुडाच्या पुडा संपवला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंनी टेबलाखाली स्वतःचे हात घट्ट धरून ठेवले. कानाशी आवाज ओरडत होता. त्या फक्त म्हणाल्या, "संपली की सांग, आणखी आणू." मुलीचा विश्वास बसायला बराच वेळ लागला. चोरी पकडायला कुणी येतच नाही म्हटल्यावर घाई हळूहळू ओसरली. एके दिवशी तिने आवडत्या केकचा अर्धा तुकडा बशीत ठेवला आणि "आता नको, पोट भरलं," असं म्हणून खेळायला पळाली. तिच्या आवाजात कुणाला खूश करायचा प्रयत्न नव्हता. बाई त्या अर्ध्या तुकड्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी स्वतःच्या पोटाला विचारलं आणि तो खाऊन टाकला, बसून, चवीने.

त्याच वर्षी म्हातारी गेली. शेवटपर्यंत ती भिंगरीला ताईच समजत होती आणि भिंगरीने तो समज कधी मोडला नाही.

आवाज अजूनही येतो. म्हातारी गेली तरी आला. बाईंनी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं आहे. तो आला की त्या मनातल्या मनात म्हणतात, ऐकलं, आता पोटाचंही ऐकू दे.

परवा कंपनीत नव्या नाटकासाठी एक छोटी मुलगी आली होती. मापं घेताना तिची आई शेजारीच उभी होती. झगा पोटावर जरा घट्ट बसला. "बघितलंस?" तिची आई म्हणाली, "म्हणून सांगत होते, खा खा बंद कर." मुलीने चटकन श्वास आत ओढून पोट सपाट केलं.

पूर्वीच्या बाईंनी नुसता हुंकार दिला असता. आता त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "श्वास सोड बेटा," त्या म्हणाल्या. "चूक झग्याची आहे, तुझी नाही." मग त्यांनी झग्याची कड उलटून आतल्या शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड तिला दाखवलं. "याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली.

"माया. अंग वाढणार, बदलणार, हे शिवणाराला आधीच माहीत असतं. म्हणून तो आत माया ठेवतो. लागेल तशी सोडायची."

मुलगी हसली. तिने श्वास सोडला, पोट पुन्हा गोल झालं. तिची आई खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बाईंना दिसलं नाही. पण कदाचित तिच्याही कानाशी कुणीतरी बोलत असेल, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तिच्यासाठीही खुर्ची पुढे ओढली.

वाचकहो, भुकेने माणूस बिघडत नाही, भुकेच्या लाजेने बिघडतो. आपल्या मुलांच्या ताटाशी पहारा देऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, आणि त्यांच्यासोबत जेवा.