आटवलेलं पाणी

जमुनेला घरातून मी हाकललं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी कीव करायच्या भानगडीत कोणी पडणार नाही.

भगवंत माझा धाकटा भाऊ आणि जमुना त्याची बायको. मी मैना, लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच पांढऱ्या कपाळानं भावाच्या घरी परतलेली. आमचं गाव दर्यापूरच्या अलीकडं. भगवंताला आई आठवतही नव्हती. त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते मीच. त्यामुळं घरात माझा शब्द चाले, आणि तो चालतो हे मला फार आवडे.

समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावातल्या पुरुषांनी त्या भावात स्वतःची अक्कलही विकून टाकली. अमरावतीच्या बाजारात गाडी रिकामी झाली की कलालाच्या दुकानी बैठक ठरलेली. भगवंत आधीपासून थोडी घेत असे, आता ताळतंत्र उरलं नाही. चौथ्या हंगामात त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पाय सुजले आणि पोट नगाऱ्यासारखं तटतटलं.

बैलांच्या दमणीत घालून मी त्याला अमरावतीच्या एका वैद्यबुवांकडं नेलं. त्यांनी पोट दाबून, ठोकून पाहिलं.

"यकृत बिघडलंय. पोटात पाणी साठलंय," ते म्हणाले. "पुरतं बरं व्हायचं नाही हे. पण जपलंत तर वर्षानुवर्षं जगेल. दारूचा थेंब नको, मिठाचा कण नको. मुगाचं कढण, ज्वारीच्या पातळ कण्या, दूध, ताक. आणि पाणी उकळून, निम्मं आटवूनच द्यायचं. महिन्याभरात सूज उतरू लागेल."

दारू त्यानं त्या दिवशी सोडली ती सोडलीच. मिठाचं मात्र जमेना. ताटावर बसला की लहान पोरासारखं तोंड करी.

"बाई, एक खडा दे वं. जिभेवर ठेवतो अन् थुकून देतो."

"जीभच काढून ठेवीन हातात," मी म्हणे, आणि आत जाऊन डोळे पुसे.

जमुनेनं नवऱ्याबरोबर स्वतःचंही मीठ सोडलं. मी त्याला नाटक म्हटलं. ती पहाटे उठून पाणी चुलीवर चढवी, निम्मं आटेपर्यंत जवळून हलत नसे.

महिना झाला. सूज उतरली नाही, उलट चढली. मी मिठाचं मडकं माझ्या कोठीत कुलपात ठेवलं. तरी चढलीच.

एके दिवशी भाकरी थापता थापता जमुना म्हणाली, "बाई, मले तं इथलं बिगरमिठाचं बी खारटच लागते. डाळ बी शिजत नाई धड. यायले चार महिने माह्या मायेरी नेऊ या का? नांदगावचं पानी चांगलं हाये."

मी पेटलेच. आमच्या विहिरीला अख्खी पंचक्रोशी गोडी विहीर म्हणे! बाकी विहिरींच्या पाण्याला ढोरंसुद्धा तोंड लावताना थबकत. आमच्याकडं चार गावांच्या घागरी येत. आणि या नांदगाव खंडेश्वरच्या पोरीला ते चालेना. शिवाय 'खारट लागते' म्हणजे काय? मी तिचं भांडंन् भांडं चाखलं. मला कशातच मीठ लागलं नाही. मग मी ठरवूनच टाकलं की नवऱ्याचं रडवेलं तोंड हिला बघवत नाही आणि ही चोरून त्याच्या तोंडात खडा घालते.

"देवाची आन बाई, नाई देत मी."

"मंग सूज कशाची वं? हवेची?"

"बाई, तिनं नाई दिलं," भगवंत खाटेवरून म्हणाला.

"तू तं म्हनशीनच."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. मी नांदगावला निरोप धाडला आणि पाचव्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. जाताना जमुना माझ्या पाया पडली.

"पानी आटवाले इसरू नका, बाई," म्हणाली.

मी विसरले नाही. मी तर निम्म्यावरही थांबले नाही. जास्त गुण यावा म्हणून पाव हिस्सा राहीपर्यंत आटवलं, आणि त्यातच कढण शिजवलं. माझ्या हातचं, माझ्या डोळ्यांदेखत. दीड महिन्यात भगवंताला कूस बदलता येईना. आता ओरडायचं तरी कोणावर, तेच कळेना.

पौषात वैद्यबुवा अकोल्याला निघाले होते, वाट वाकडी करून आमच्याकडं आले. विहिरीवर जाऊन त्यांनी स्वतःच्या तांब्यानं पाणी शेंदलं, एक घोट घेतला आणि तिथंच थुंकले.

"हे प्यायचं पाणी?"

"गोडं हाये, महाराज. चार गावं पेतात."

"आणि हेच आटवून देता त्याला?"

"पाव हिस्सा राहीवरोक," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

त्यांनी तांब्या विहिरीच्या काठावर ठेवला. "बाई, आटतं ते पाणी. मीठ कुठं आटतं? ते सगळं खालीच राहतं." मग तांब्यातलं पाणी ओतून टाकत म्हणाले, "चूक माझी. अमरावतीच्या पाण्यावर बसून सांगून मोकळा झालो. तुमचं पाणी कसं, ते विचारलंच नाही."

भला माणूस, चूक आपल्या अंगावर घेतली. जन्मापासून त्याच पाण्यावर पोसलेल्या माझ्या जिभेला खारटपणा कळला नसेलही. पण मला तर एकीनं सांगितलं होतं, आणि तिलाच मी हाकललं होतं.

"नांदगावले नेऊ का त्याले?"

"न्या. फार उशीर झालाय, पण न्या."

दोन दिवस दमणी चालली. जमुना दारात आली, माझ्याकडं न पाहता भगवंताच्या काखेत खांदा घालून त्याला आत घेऊन गेली. मी अंगणातच तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"मी चुकली, जमुने."

"मले तरी कुठं माईत होतं, बाई, पान्यानंच होते म्हून," ती म्हणाली. "माईत असतं तं मी भांडली असती तुमच्यासंगं." आणि मग ती रडली. तिच्या शेजारी बसायची माझी हिंमत झाली नाही.

आठ दिवसांत पायांची सूज ओसरली. आम्ही दोघी वेड्यासारख्या रोज त्याच्या घोट्यावर बोट दाबून पाहत होतो. नंतर त्याचं खाणं तुटलं, तो असंबद्ध बडबडू लागला.

बाराव्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला. जमुनेनं पळीनं पाणी पाजलं. त्यानं तोंड वाकडं केलं.

"याले चवच नाई. घरचं पानी दे ना, जमुना."

घरचं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर होतं. जमुना उठून आत गेली आणि मूठ मिटून बाहेर आली. माझ्यासमोर येऊन तिनं मूठ उघडली. तळहातावर मिठाचा एक खडा होता.

"बाई, टाकू?" तिनं विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

तिनं तो खडा वाटीत टाकला, बोटानं विरघळवला आणि त्याला दोन पळ्या पाजल्या.

"हं," तो म्हणाला, "हे आपल्या विहिरीचं."

दिवेलागणीला तो गेला. त्याच्या उभ्या आजारात जमुनेनं जाणूनबुजून त्याला मीठ दिलं ते तेवढंच, आणि तेही मला विचारून.